चावडीखालची काळी माती

"मॅडम, पानी चहावानी यायलंय. आज सोडायचं का न्हाई, तुमीच सांगा."

सोमवारची सकाळ, साडेसहाचा सुमार, आणि फोनवर मुनीरभाई. मुनीरभाई आमच्या जलशुद्धीकरण केंद्रावरचे सर्वांत जुने ऑपरेटर. निम्मं आयुष्य त्यांनी त्या एकाच केंद्रावर काढलेलं, आणि उगाच घाबरणारा माणूस नव्हे. मी तेव्हा त्या शहराच्या पाणीपुरवठ्याची उपअभियंता होते. पाणी आलं तर कोणाला आपलं नाव ठाऊक नसतं आणि नाही आलं तर सगळ्यांना पाठ असतं, अशी ती खुर्ची.

"किती आलंय?" मी विचारलं.

"पंचेचाळीस. शनवारी आठ होतं."

हा आकडा गढूळपणाचा. टर्बिडिटी म्हणतो आम्ही त्याला. पाण्यातून उजेड सोडून एक लहानसं यंत्र तो मोजतं. धरणाचं कच्चं पाणी आठ-दहाला आलं तर शुद्धीकरणाला फारसे कष्ट पडत नाहीत. पंचेचाळीसला गाळण्या तुंबायला लागतात, आणि तसंच रेटलं तर लोक नळाचं पाणी बाटलीत भरून नगरसेवकाच्या दारात जातात.

"सोडू नका," मी म्हणाले.

म्हणायला दोन शब्द. आमच्या शहराला सहा दिवसांआड पाणी मिळतं. लातूर-नांदेडकडच्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही, इतरांनी हवं तर वाक्य पुन्हा वाचावं. त्या सोमवारी स्टेशनमागच्या सगळ्या गल्ल्यांची पाळी होती. एक पाळी चुकली की तिथल्या लोकांचे दोन आठवडे कोरडे जातात. मी नांदेडची, मास्तरांची मुलगी. गोदावरीच्या काठावर वाढले, तरी आमच्या गल्लीत नळाच्या पाळीला आई लग्नाची निमंत्रणं टाळायची. त्यामुळे त्या दोन शब्दांची किंमत मला ठाऊक होती.

शहराचं आणि धरणाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. यातले काहीजण अजून नोकरीत आहेत. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळचं एक मध्यम धरण, एवढं पुरे.

केंद्रावर पोचले तेव्हा मुनीरभाईंनी जार टेस्ट लावलेली होती. सहा काचेच्या भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी चढत्या मापाने टाकायची, सारखं ढवळायचं आणि कुठल्या भांड्यातला गाळ नीट खाली बसतो ते बघायचं. घरी रव्याचा लाडू बिघडला की आपण चिमटी चिमटी तूप टाकून बघतो, तसलाच प्रकार. नेहमी दुसऱ्या भांड्यातच काम भागायचं. त्या दिवशी पाचवं भांडंसुद्धा दुधी दिसत होतं.

मी आधी तुरटीवर घसरले. नवा माल आला होता, त्यात भेसळ असणार. पुरवठादाराला फोनवर चार शब्द सुनावले. मग गाळण्या उलट्या पाण्याने धुऊन घेतल्या. तीन-चार दिवसांनी पाणी आपोआप निवळलं आणि मी विजयी मुद्रेने पुरवठादाराकडून पोतं बदलून मागवलं. पुढच्या सोमवारी परत पंचेचाळीस. त्याच्या पुढच्या सोमवारी साठ.

मुनीरभाईंनी रजिस्टर माझ्यासमोर उघडून ठेवलं. ते फार बोलत नसत. बोट ठेवत.

"हे सोमवार, हे सोमवार, हे सोमवार. तुरटीला वार कळतो का मॅडम?"

"मग काय म्हणणं आहे तुमचं?"

"इतवारी बोटी चालतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. पुरवठादाराची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

बोटींची हकीकत अशी. धरणात जी गावं गेली त्यांतल्या एका गावच्या आठ घरांनी गट करून पर्यटनाच्या योजनेतून बोटिंगचा परवाना मिळवला होता. दोन मोटारबोटी आणि सहा पायडलच्या बोटी. गटाचे प्रमुख व्यंकटराव, पन्नाशी ओलांडलेला, उंच, सावकाश बोलणारा माणूस. एका मोटारबोटीला त्यांनी माहूरच्या देवीचं नाव दिलं होतं. लातूर, नांदेड, लोहा, चाकूर, कुठून कुठून लोक यायचे. लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी तर रांग लावायची. एकदा मी तिथे एक नवरी पाहिली होती, तिचा झगा सांभाळायला तीन माणसं आणि नवऱ्याला सांभाळायला कोणीच नव्हतं.

पिण्याच्या पाण्याच्या धरणात बोट चालवायची तर पाणीपुरवठा विभागाची ना-हरकत लागते. ती एनओसी मी दिली होती. अट स्वच्छ होती: 'मोटारबोट जेटीपासून तीनशे मीटरच्या आत फिरवावी.' जेटी म्हणजे प्लास्टिकच्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला तरंगता धक्का. आमची जॅकवेल तिथून किलोमीटरभर लांब. जॅकवेल म्हणजे धरणाच्या पात्रात बांधलेली मोठी विहीर. तिला वेगवेगळ्या उंचीवर खिडक्या असतात, त्यांतून पाणी आत येतं आणि तिथून पंपाने शहराकडे जातं. तीनशे मीटर कुठे आणि किलोमीटर कुठे. एनओसीवर सही करताना मी स्वतःवर खूश होते.

दरम्यान कोणीतरी मळकट पाण्याच्या बाटलीचा फोटो पेपरात दिला. लगेच साहेबांचा फोन आला. आमचे साहेब म्हणजे कार्यकारी अभियंता, लातूरला बसायचे. बोटिंगच्या उद्घाटनाचा नारळ त्यांनीच फोडला होता.

"बोटवाले जॅकवेलजवळ जातात म्हणे."

"असं दिसतंय सर."

"दिसतंय काय! शर्तभंग आहे सरळ. पंचनामा करा, परवाना रद्द करायचा प्रस्ताव पाठवा. प्रांतांकडे सुनावणी लावून टाकू."

प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी. परवाना त्यांच्या सहीचा होता, तो रद्दही त्यांनीच करायचा.

मी लगेच हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. आपण विश्वासाने परवानगी द्यायची आणि यांनी चार फेऱ्यांसाठी अख्ख्या शहराचं पाणी नासवायचं. तोंडावर बोलायचं म्हणून रविवारी स्वतःच धरणावर गेले.

धरण बघून आधी मी गोंधळलेच. आमच्याकडची धरणं परातीसारखी. पसरट, उथळ. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली दिसतात, पण पाणी वीतभर उतरलं की काठ फर्लांगभर मागे जातो. मी एनओसीसाठी आले होते तेव्हा जेटी रस्त्याला लागून होती. आता मार्च उजाडला होता. रस्त्यापासून पाण्यापर्यंत भेगाळलेली जमीन, मधे कोणी कोणी लावलेले टरबुजाचे वेल, आणि लांब खाली पाण्याच्या कडेला ती जेटी. तिच्यासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, आमची जॅकवेल उभी. तिच्या वरच्या दोन खिडक्या कोरड्या पडल्या होत्या. पाणी तळाच्या एकाच खिडकीतून जात होतं.

तेवढ्यात मोटारबोट वळली. तिच्यामागे चॉकलेटी पट्टा उमटला आणि हळूहळू पसरत जॅकवेलकडे सरकला. शेजारून एक पायडलची बोट गेली, तिच्यामागे काहीच उमटलं नाही.

"व्यंकटराव!" माझा आवाज चढलाच. "अट काय होती? तीनशे मीटर. आणि तुम्ही माझ्या जॅकवेलला बोट घासताय?"

व्यंकटराव शांतपणे बोटीतून उतरले. जेटीच्या खांबाला नायलॉनच्या दोरीची गुंडाळी होती. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"तीनशे मीटर हाय ही. मोजून घ्या. हिच्या टोकाला झेंडा सोडलाव, त्याच्या भाईर एक बोट गेली न्हाई. जेटीपासून मोजा म्हनून तुमच्याच कागदात लिवलंय."

"पण जेटी कुठे होती आणि कुठे आणलीत?"

"पानी खाली गेलं की जेटी खाली न्यावी लागती मॅडम. वाळलेल्या रानात बोट कशी चालवू?"

आत काहीतरी खटकन जागेवर बसलं. तीनशे मीटरचा फेर मी जेटीला बांधला होता, आणि जेटी पाण्याबरोबर चालत होती. दर महिन्याला ती चालत चालत फेरासकट माझ्या जॅकवेलपाशी आली होती. पाण्यात तरंगणाऱ्या वस्तूपासून अंतर मोजायला सांगणारी अभियंता मीच. पावसाळ्यात बसून मार्चचा विचार करायला मी विसरले होते, आणि हीच माझी नोकरी होती.

तरी माणूस सहजासहजी माघार घेत नाही. मी म्हटलं, "जेटी हलवण्याआधी कळवायचं होतं ना."

व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवलाने.

"तीन अर्ज दिलाव की. आवकचा शिक्का हाय माझ्याकडं. उत्तर आलं न्हाई, मंग वाटलं मंजूर हाय."

सोमवारी ऑफिसात गेल्यागेल्या मी फाईल मागवली. अर्ज होते. तिन्ही, वहीच्या रेघी कागदावर, सुबक अक्षरात.

पहिला दिवाळीनंतरचा. 'पाणी शाळेच्या पायरीवरून उतरले आहे, सबब जेटी पुढे नेत आहोत, माहितीस्तव सादर.' दुसरा संक्रांतीच्या आसपासचा. 'पाणी चावडीच्या खाली गेले आहे. जेटी चावडीच्या पुढे नेत आहोत.' तिसरा फेब्रुवारीतला. तो पुरा देते: 'पाणी घाटापाशी आले आहे. घाटाच्या खाली डोह आहे व डोहातच आपली विहीर आहे. पुढे कसे करावे ते कळवावे ही विनंती.'

तिन्हींच्या समासात निळ्या शाईने एकच शब्द होता, 'नस्तीबद्ध'. सरकारी भाषेत त्याचा अर्थ, फाईलला लावा आणि विसरा. खाली सही माझी.

मला ते अर्ज आठवतसुद्धा होते. दुसरा वाचून मी क्लार्कला हसून म्हणाले होते, "धरणात चावडी कुठून आली?" धरणाची पातळी आम्ही मीटरमध्ये वाचतो. जॅकवेलच्या भिंतीवर पट्टी रंगवलेली असते, तिच्यावरचा आकडा रोज वहीत चढतो. व्यंकटरावांच्या लोकांना त्या पट्टीचं काही नसतं. त्यांचं अख्खं गाव त्या पाण्याखाली आहे. पाणी कुठे आलं ते ती माणसं गावाच्या खुणांनी सांगतात. शाळा, चावडी, नदीचा घाट. लेकरांनाही पाठ. माझ्या नकाशावर त्या जागी नुसता निळा रंग होता. व्यंकटरावांनी मला अचूक पातळी कळवली होती, तीनदा, आणि तिसऱ्यांदा सरळ प्रश्न विचारला होता.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. चहा आला तो तसाच निवला.

दुपारी साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अर्जात लेव्हल लिहिलीय का? मीटरमध्ये?"

"नाही सर."

"मग अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्जाला उत्तर द्यायचं बंधन नाही. चावडी, घाट ही काय तांत्रिक भाषा आहे? हे अर्ज सुनावणीत काढायची गरजच काय?"

"त्यांच्याकडे पोच आहे सर."

"पोच कागद दिल्याची असते, कागदात काय होतं त्याची नसते. हे बघा, तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. चौकशी मागे लागली तर तोवर संपायची नाही. विचार करा."

साहेब वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगायला हवं. तो मला वाचवतच होता. आणि विचार मी केलाही. गट लहान होता, पाठीशी कोणी नव्हतं, पेपरवाले आमच्या बाजूचे होते. शर्तभंगाचा शेरा एकदा बसला की त्या आठ घरांना पुन्हा कुठलाच परवाना मिळाला नसता. जमीन धरणात गेली तेव्हा व्यंकटराव शाळकरी होते. तेव्हापासून लातूरच्या बाजारात हमाली, पुण्याला वॉचमन, असं करत गाव विखुरलं होतं. बोटींमुळे आठ घरं परत आली होती. माझ्या एका शेऱ्याने ती परत जाणार होती, आणि चूक माझी होती. एवढं सरळ असूनही ठरवायला मला दोन दिवस लागले. नवऱ्याने नांदेडहून फोन करून विचारलं, काय झालंय, तर त्याच्यावर खेकसले.

तिसऱ्या दिवशी लेव्हलचं यंत्र घेऊन मुनीरभाईंसह धरणावर गेले. मुनीरभाईंचं तिथे काही काम नव्हतं. "मी येतो मॅडम," एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

"व्यंकटराव, तुमचं गाव दाखवा," मी म्हणाले.

आम्ही उघड्या पडलेल्या तळातून चालत निघालो. व्यंकटराव पुढे. शाळेची एक दगडी पायरी शिल्लक होती. तिच्यावर मुनीरभाईंनी मोजपट्टी धरली, मी यंत्रातून आकडा वाचला, वहीत लिहिला. मग चावडीचा ओटा. वाटेत ते सांगत होते, हे अमक्याचं घर, ही तमक्याची भिंत. आपलं घर कुठे होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारवेना.

मग मी माझा हिशेब मांडला. पट्टीवरच्या आकड्यांवरून मोटारबोटी चावडीच्या खालीही महिनाभर चालू शकल्या असत्या. खोली पुरेशी होती, जॅकवेलही लांब होती. तसा मसुदा मी मनाशी तयार केला आणि त्यांना सांगितला. त्यांच्या फायद्याचाच होता तो.

व्यंकटरावांनी मान हलवली. "न्हाई मॅडम. चावडीलाच बंद करा."

"का? महिनाभर मिळतोय तुम्हाला."

ते चावडीच्या ओट्यावरून खाली उतरले आणि वाकून दोन्ही बाजूंची माती उचलली. एका मुठीत वरच्या बाजूचा मुरूम, भगवट, खडबडीत. दुसऱ्या मुठीत खालच्या बाजूची काळी, मेणासारखी.

"गावठान मुरमावर व्हतं. चावडीच्या खाली समदी काळी हाय, घाटापोत. मुरूम ढवळला तर लगीच खाली बसतो. काळी ढवळली की चार रोज बसत न्हाई. आमी तिच्यात नांगर धरलाव, आमाला ठाव हाय."

मुनीरभाईंनी काळ्या मातीचं ढेकूळ घेऊन आपल्या पाण्याच्या बाटलीत टाकलं, बाटली हलवली आणि चावडीच्या ओट्यावर ठेवली. आम्ही घाटापर्यंत जाऊन, उरलेले आकडे घेऊन दीड तासाने परत आलो, तरी बाटलीतलं पाणी काळंच होतं.

"म्हनून जानेवारीपर्यंत आपल्याला काय त्रास न्हवता," मुनीरभाई म्हणाले. "तवर बोटी मुरमावर होत्या."

मी बत्तीस वर्षं पाणी शुद्ध केलं. चिकणमातीचे कण सूक्ष्म असतात, एकमेकांना ढकलतात, लवकर बसत नाहीत, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. धरणाच्या तळाशी कुठली माती कुठे आहे हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

"पायडलच्या बोटी?" मी विचारलं.

"त्या काय ढवळत न्हाईत. घाटापोत चालू द्या. घाटाला पानी टेकलं की समदंच बंद."

"म्हणजे तुमचा हंगाम निम्म्यावर येईल."

"येईल. पन हाय ते ऱ्हाईल." मग म्हणाले, "पानी पिनारे बी मानसंच हायत."

"तुमच्या नव्या गावाला हेच पाणी येतं ना?" मी सहज विचारलं.

"न्हाई. आमाला बोअर हाय. तुमची लाइन वरच्या रस्त्यानं गेली, आमच्याकडं वळली न्हाई."

तेही मी लिहून घेतलं आणि वही मिटली.

सुनावणीला प्रांतसाहेब, आमचे साहेब, मी आणि व्यंकटराव. प्रांतसाहेब नवे होते, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी पंचनाम्याची जागा रिकामी बघून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, अट नेमकी कोणी मोडली?"

"कोणीच नाही सर. अटच चुकीची होती. ती मी लिहिली होती."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मी तिन्ही अर्ज मोठ्याने वाचून दाखवले, समासातल्या शब्दासकट. मग नवा तक्ता पुढे केला. एका बाजूला गावाची खूण, दुसऱ्या बाजूला पट्टीवरचा आकडा, तिसऱ्या बाजूला काय चालू आणि काय बंद. चावडीपर्यंत, सगळ्या बोटी. चावडी ते घाट, फक्त पायडल. घाटाखाली काही नाही. अंतराची अट काढूनच टाकली.

"ही चावडी वगैरे एनओसीत लिहायची?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"दोन्ही लिहायचं सर. आकडा आमच्यासाठी, खूण त्यांच्यासाठी."

त्यांनी तक्ता दोनदा वाचला. व्यंकटरावांना विचारलं, मान्य आहे का. ते म्हणाले, हाव. दहा मिनिटांत सुनावणी संपली. परवाना राहिला. त्या सालापुरत्या बोटी तिथल्या तिथे बंद झाल्या, कारण पाणी घाटाला कधीच टेकलं होतं.

बाहेर पडताना साहेब म्हणाले, "एवढं सगळं वाचायची गरज होती का?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीत बसले. महिन्याभराने मला खुलासा मागणारं पत्र आलं. दोन पानी खुलासा दिला, सेवापुस्तकात ताकीद लागली. इतक्या वर्षांत पहिलीच. चौकशी मात्र टळली. साहेबांनीच टाळली असावी, मी कधी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी मुनीरभाईंचा आकडा नऊ होता. स्टेशनमागच्या गल्ल्यांना वेळेवर पाणी गेलं. कोणाला माझं नाव आठवलं नाही. दुसऱ्या वर्षी बोटिंग जानेवारीपर्यंत जोरात चाललं आणि तक्त्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने थांबलं. पुनर्वसित गावाच्या पाइपलाइनचा प्रस्ताव मी निवृत्तीआधी पाठवला. तो अजून कुठल्यातरी टेबलावर आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. सुनावणीनंतर तहसीलच्या फाटकाजवळ व्यंकटराव भेटले. वाटलं आभार मानतील, आणि मानले असते तर मला फार अवघडल्यासारखं झालं असतं. त्यांनी मानले नाहीत.

"मॅडम, तिसऱ्या अर्जाला तुमी नुसतं 'न्हाई' म्हनलं असतं, तर म्या त्याच दिवशी बोटी भाईर वढल्या असत्या. मला तेवढंच पायजे व्हतं."

एवढं बोलून ते बसस्टँडकडे गेले.

नोकरीत मी पुष्कळ अर्ज नामंजूर केले. त्यांतल्या कोणाला तोंड दाखवायची मला आजही लाज वाटत नाही, कारण नाही म्हणण्याआधी मी ते वाचले होते. नस्तीबद्ध केलेले किती होते, त्यांत कोणी काय विचारलं होतं, ते मला माहीत नाही. आणि आता त्या फाईली मला कोणी काढून देणार नाही.